ताई बसली तिथं

तिरुचेनगोड, तमिळनाडू
दि. ९ जानेवारी २००५

ति. मयुरीताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

मी पत्र लिवून राह्यलो हे पाहून तू हसशीन, का सातवीतून पळालेल्या पोट्ट्याले कागदाची एवढी माया कुठून आली. खरं सांगतो. मागच्या हप्त्यात बापूरावच्या दुकानात फोन केला, तुले बोलावलं, तवा बोलन्यापेक्षा तुहा दमच जास्त आयकू आला. एक शब्द अन् चार श्वास. मी इकडं बूथमंदी रिसीवर धरून उभा. मले ते आयकवत नाई व. म्हनून आजपासून फोन बंद अन् पत्र चालू. लिवताना तरी धाप लागत नाई.

आता कामाचं. तुहे सगळे रिपोर्ट अन् एक्स-रे घेऊन मद्रासले जाऊन आलो. सेवाग्रामच्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तेच इथल्यांनीही सांगितलं. फुप्फुसं आखडून राह्यली, गोळ्यांनी थांबनार नाईत, दुसरी बसवनं हाच इलाज. आपल्या देशात हे काम लय कमी ठिकानी होते. केरळची एक नर्स हिंदी बोलते, तिनं सगळं समजावलं. बाबाले सांगजो का त्यांचं अर्धं फुप्फुस देतो म्हनतात ते चालत नाई. ज्याचा मेंदू मेला पन छाती चालू हाये, त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं तरच भेटते. तोवर दवाखान्याच्या जवळ खोली करून थांबा लागते. महिना लागन का दोन वर्षं, कोनी सांगत नाई. पैसा इतका सांगितला का मी पुन्हा विचारलं. मले वाटलं तिची हिंदी चुकली.

पन डोकं धरून बसाचा आपला सोभाव नाई. मालकाशी बोललो. हा पेरियसामी म्हनजे तोच, ज्याच्या बोअरच्या गाडीवर मी तीन सालाआधी अल्लीपूरातून तुम्हाले न सांगता चढलो. मालक म्हने, तुह्या गावाकडचे काही बोअर जमवून दे, मार्चमंदी गाडी धाडतो, तुहं फुटामागचं कमिशन सारं बहिनीले. मले मात्र त्या गाडीवर धाडत नाई. म्हने आपल्या गावात गेलेला मानूस भाव पाडते अन् कामाले हात लावत नाई. भल्ला हुशार हाये. तर कास्तकारांशी बाबाले बोलाले सांग.

मायले म्हनजो भात खाऊन खाऊन मी अर्धा मद्रासी झालो. उत्तर मालकाच्या पत्त्यावर धाडजो, मी कुठं असन ते मलेच ठाऊक नसते. बाबाले जयभीम. मायेत कसर करू नको.

तुहा फिरस्ता भाऊ,
धम्मदीप


अल्लीपूर, ता. हिंगणघाट
दि. २८ जानेवारी २००५

चि. धम्मदीप यास,
मंगल कामना. पत्र मिळालं. पाकीट देताना पोस्टमनभाऊंनी विचारलं, यावरून कोंबडी चालून गेली का? मी म्हटलं, नाही, ही आमच्या घरची विद्वत्ता आहे. पण वाचलं मात्र पुन्हा पुन्हा.

मीही पडल्या पडल्याच लिहिते. चार ओळी झाल्या की पेन ठेवायचा, हवा घ्यायची, मग पुढे. सिलिंडर खाटेशी उभा असतो. माय त्याला जावई म्हणते, कारण खर्चिक आहे आणि घरातून हलत नाही.

इकडे मदत जमते आहे. मी अजून शिक्षणसेवक, नोकरी पक्कीही नाही, तरी शाळेतल्या सगळ्या गुरुजींनी एका दिवसाचा पगार दिला. विहारात पेटी ठेवली आहे. पुढच्या महिन्यात भीमगीतांचा कार्यक्रम आहे, त्याचा गल्लाही माझ्यासाठी. पत्रकावर माझा फोटो छापला. कोणता, तर स्थळांना दाखवायला हिंगणघाटच्या स्टुडिओत काढलेला, ज्यात मी फुलदाणीला धरून उभी आहे तो. जो पाहून एकाही घराने होकार कळवला नाही, तो आता वर्ध्याच्या एस.टी. स्टँडवर चिकटवलाय.

बाबांचं म्हणशील तर विहारातली पेटी त्यांना चालते, ती आपल्या माणसांची. पण गावात दारोदार जायला ते तयार नाहीत. गुरुजींनी पावतीपुस्तक हातात दिलं, ते त्यांनी परत केलं. म्हणाले, ज्या दारांत माझा बाप घोंगडी पसरून भाकर मागत उभा राहिला, तिथे मी हात पसरणार नाही. बाबासाहेबांनी सोडवलेला हात आहे हा. मायने विचारलं, पोरीपेक्षा मोठा आहे का तो हात? ते उठून बाहेर गेले. दोघांचंही खरं आहे. मी कोणाकडून बोलू? माझ्यात बोलायला हवाच नाही.

बोअरचं मात्र त्यांनी मनावर घेतलं, कारण तो धंदा आहे. नत्थूजी, बापूराव दुकानवाले आणि अण्णाजी यांनी नावं दिली. त्यात एक गंमत झाली. मी पायांकडून जन्मले, पायाळू आहे, याची वच्छलाबाई सुईणीने नत्थूजींना आठवण करून दिली. आणि पायाळूला म्हणे जमिनीतलं पाणी समजतं. तर मशीन लावण्याआधी ताईने वावरातून एक चक्कर मारावी, ती सांगेल तिथे खोदू, आणि पायाळूचा मान म्हणून जे द्यायचं ते वेगळं देऊ. बाबांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं, म्हणाले आमच्या घरात हे थोतांड चालत नाही. मी हसले आणि हसल्याचा दंड म्हणून कितीतरी वेळ खोकले.

मशीनमधून दगडाची भुकटी उडते म्हणे, तर नाकाला ओला दुपट्टा बांधत जा. घरात एक छाती बिघडली तेवढी पुरे. तिकडे लोकांशी भांडू नकोस आणि आमची आठवण कोरडी पडू देऊ नकोस.

तुझी ताई,
मयुरी


मुक्काम गुलबर्ग्याच्या पुढं
दि. १७ फेब्रुवारी २००५

ति. ताईस,
स. जयभीम. तुहं पत्र फिरत फिरत काल हाती आलं. वाचून राग आला, पयले ते सांगतो. तू हसली काऊन?

इकडं मालक सोता तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरात फिरते. नारळ उभा झाला का म्हने खाली पानी. शिकलेले साहेब येतात, जमिनीत वायरा ठोकतात, कागद पाहतात, त्यांचेही बोअर फेल जातात. जमिनीच्या पोटातलं कोनाले समजलं? कास्तकार कुठं ना कुठं भोक पाडनारच हाये. मंग तू बोट दाखवलं तर कोनाचं काय गेलं? तुले चार पैसे भेटतात, त्याले समाधान भेटते.

बाबाले म्हना, बावीस प्रतिज्ञा मलेही पाठ हायेत. त्याच्यात बहिनीले मरू द्या असं कुठं लिवलं ते मले दाखवा.

तुले न विचारता एक काम करून बसलो. कालच बापूरावच्या दुकानात फोन लावला अन् सांगून देल्लं का ताई येईन, मान तयार ठेवा. आता शिव्या देजो. पन जाजो. मले इथं झोप नाई ताई. मशीन चालू असते तवा डोक्यात काही येत नाई, बंद झाली का तुही छाती आयकू येते. मी एका जागी थांबू शकत नाई, पळून पळून काम करतो, तरी मद्रासचा आकडा तिथंच उभा.

दुपट्टा बांधतो तू म्हनली तसा. दिवस बुडेपर्यंत पांढरा होते. मायले सांगजो मी बरा हावो. रागावली तरी टाकू नको.

तुहा,
धम्मा


अल्लीपूर
दि. २४ मार्च २००५

चि. धम्मदीप यास,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देते. लहान आहेस.

तू फोन ठेवलास आणि नत्थूजी बैलबंडी घेऊन दारात हजर. बंडीत गादी, गादीवर लोड, नवरीची असावी तशी तयारी. बाबा वावराकडे निघून गेले. मी विचार केला, घरात नाही म्हटलं तर हे उद्या पुन्हा येतील. त्यापेक्षा जावं आणि सगळ्यांसमोर सांगावं की मला काही समजत नाही, मी उलटी जन्मले एवढंच.

गेले. अर्धं गाव वावराच्या धुऱ्यावर. पोरं, म्हातारे, वच्छलाबाई पुढे. ढेकळांतून थोडं चालले, बोलायला तोंड उघडलं आणि दम संपला. डोळ्यांपुढे काळं आलं, मी मटकन खाली बसले. मला कोणी उचलायच्या आधी कोणीतरी ओरडलं की बसली, ताई बसली! लगेच चुना आला, माझ्याभोवती गोल काढला. मी हाताने नाही नाही म्हणते आहे, आणि वच्छलाबाई म्हणते, पाहा, हातानं दाखवून राह्यली. मायने सिलिंडरची नळी लावेपर्यंत नारळ फुटला होता.

मग तुमची गाडी आली. नत्थूजींच्या वावरात पाणी लागलं, धार मशीनच्या वर गेली. त्यानंतर बापूरावांनी नेलं, अण्णाजींनी नेलं. दोन्हीकडे मी अशीच बसले, दोन्हीकडे पाणी. आता गावात ठरूनच गेलं आहे, ताईचा दम संपतो तिथे पाणी. माझा दम तर कुठेही संपतो. त्या हिशेबाने संडासाच्या वाटेवरही विहीर लागायला पाहिजे.

मानाची पाकिटं पेटीत जातात. बाबा त्यांना हात लावत नाहीत. माझ्याशी बोलतात, पण भिंतीकडे पाहून. दर वेळी घरी येऊन मी दिवसभर उठत नाही.

आणि खरं लिहू का? पेटी जड लागली तेव्हा मला बरं वाटलं. थोतांड आहे, ठाऊक आहे. पण मला जगायचं आहे धम्मा. वर्गातली पोरं खिडकीतून हाका मारतात, त्यांना दुसरीचं पुस्तक शिकवायचं राहिलं आहे. म्हणून पुढच्याही बंडीत बसेन बहुतेक. तुझ्यावरचा राग तसाच ठेवला आहे, माया त्याच्या खाली आहे.

तुझी ताई,
मयुरी


मुक्काम बेल्लारी
दि. ११ एप्रिल २००५

ति. ताईस,
स. जयभीम. अल्लीपूरच्या गाडीवरचा सेल्वम सामान न्याले इकडं आला, त्यानं सगळं सांगितलं. हसून हसून सांगे का तुही अक्का बसते अन् आमी भोक पाडतो. मी हसलो नाई, तोंड फिरवलं. तुले बंडीत घालून फिरवतात हे डोळ्यासमोर आलं.

पन काम होऊन राह्यलं. मद्रासच्या नर्सले फोन केला. जूनमंदी तपासनीची तारीख देते म्हने, पन आधी पैसे भरा लागतात. तारीख गेली तर मंग पुढचं काही सांगत नाई. तू धाडलेला नवा रिपोर्ट पाहून ती म्हनली, लवकर आना. काऊन, ते मी विचारलं नाई.

सेल्वम म्हने आपल्या रुख्मिणीनंही नाव देल्लं. तिचा भाव कमी लावाले मी मालकाले सांगतो, बाईमानूस एकटी हाये. एवढे दोन-चार झाले का बंद करू. तोवर जीव सांभाळून जाजो. लोभ आटू देऊ नको.

तुहा,
धम्मा


अल्लीपूर
दि. ८ मे २००५

चि. धम्मदीप यास,
मंगल कामना. आज गंमत नाही.

रुख्मिणीचा बोअर फेल गेला. तुला ठाऊक आहे, आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर होतो. नवरा वारल्यापासून ती दोन एकर एकटी करते. दुभती म्हैस विकून तिने बोअर लावला. मला धुऱ्यावरून हात धरून नेलं, पदराने वारा घातला. मी बसले तिथे तिने स्वतः दगड रोवला, बोटभरही इकडेतिकडे नाही. मशीनने नुसती भुकटी काढली. सेल्वम थांबू म्हणत होता, ती म्हणे अजून खाली जा, ताई चुकत नाही. पाणी लागो न लागो, फुटाचे पैसे द्यावेच लागतात. संध्याकाळी ती नारळ आणि मानाचं पाकीट घेऊन आली. मी घेईना, तर म्हणाली, तुहा काय दोष, माह्याच नशिबात नव्हतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी नत्थूजींना बोलावून घेतलं. म्हटलं, हे तुम्ही सुरू केलं, आता तुम्हीच गावाला सांगा की हे खोटं आहे. त्यांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. मग म्हणाले की त्यांच्या वावरातली जागा पाणी पाहणाऱ्या साहेबाने मागच्याच साली खूण करून दिली होती. मी बसले ती जागा वेगळी. मला बंडीत घालून घरी पाठवलं आणि मागे यांनी चुना सरकवला. बापूराव आणि अण्णाजींनीही तसंच केलं, आपापल्या ठरलेल्या जागी. का, तर तुझा बाप आमच्या हातून घेत नाही, मदत म्हटलं की दार लावतो. म्हणून दुकानाच्या ओट्यावर बसून ठरलं की पायाळूचा मान म्हणून देऊ, मानाला तो तरी नाही कसा म्हणेल.

मी विचारलं, मग रुख्मिणीला का नाही सांगितलं? दुकानाच्या ओट्यावर बाया बसत नाहीत धम्मा. एवढंच कारण. ओट्यावरच्या बाप्यांना ठाऊक होतं की हे सोंग आहे. जिला ठाऊक नव्हतं तिने म्हैस विकली.

आता मी कोणाच्या वावरात जाणार नाही. पेटीतून आधी रुख्मिणीचं सगळं फेडायचं, उरलं तर माझं. जूनची तारीख जाईल. जाऊ दे. बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, भिंतीकडे न पाहता.

मी फार थकले आहे. तुझ्यावर राग नाही, तो धरायलाही ताकद लागते.

तुझी ताई,
मयुरी


अल्लीपूर
दि. २५ मे २००५

चि. धम्मदीप यास,
अनेक आशीर्वाद. तुला पत्र लिहिण्याचा मला सराव नाही. तू न सांगता गेलास तो राग बाजूला ठेवून लिहितो.

मयुरीने पेटी उघडून रुख्मिणीला द्यायचे ठरवले. न्याय तिचाच होता, परंतु मग पोर मद्रासला जात नव्हती. मी धुतलेले धोतर नेसलो आणि नत्थूजीच्या घरी गेलो. पायरी तीच आहे. माझा बाप त्या पायरीच्या खाली उभा राहत असे. वरून भाकर टाकीत, शिवाशिव नको म्हणून हात उंच धरीत. घोंगडीचे एक टोक लहानपणी मी धरलेले आहे. नत्थूजीने खुर्ची आणली. मी उभाच राहिलो. बसलो असतो तर बोलायचे ते बोललो नसतो.

आधी म्हणालो की तुमच्या चांगुलपणाने एका बाईची म्हैस गेली. तिचे नुकसान तुम्ही तिघांनी भरायचे, आजारी पोरीच्या पेटीने नाही. आणि तुमच्या बोअरचे पाणी पाइपाने तिच्या वावरात द्यायचे, उतार तिकडेच आहे. त्याने हो म्हटले. परवा पाइप टाकला, मी स्वतः पाहून आलो.

मग दुसरे. त्याला वेळ लागला. त्याची सून पाणी घेऊन आली, ते प्यालो. मग म्हणालो की माझी मुलगी मरते आहे, मला पैसे पाहिजेत. मानाचे नको, पायाळूचे नको, मी मागतो म्हणून द्या. पावतीपुस्तक पुढे केले. नत्थूजीच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाला, बाबारावजी, पहिल्याच दिवशी म्हटलं असतं तर. मी म्हणालो, तेच तर म्हणवत नव्हते.

त्यानंतर गावातले एकेक दार केले. कोणी मनापासून दिले, कोणी बोलून दिले. एका घरी म्हणाले, आता कशी आठवण आली आमची. त्यांचीही पावती फाडली. घरी आलो की तुझी माय पाय दाबून देते. माझ्या बापाने हे रोज केले. आम्हाला वाटे, त्याला सवय होती. सवय कोणाला होत नसते.

जूनची तारीख घे. तिकडे खोली पाहा. या वेळी पळू नकोस.

तुझा बाप,
बाबाराव


चेन्नई
दि. ५ जून २००५

ति. ताईस,
स. जयभीम. बाबाचं पत्र गाडीच्या टपावर बसून वाचलं. मालक खालून हाका मारे, मले उतरवेना. मंग उतरलो, राह्यलेला पगार घेतला, अन् मद्रासले आलो.

खोली पाह्यली. तळमजला हाये, एकही पायरी नाई. दवाखाना रिक्षानं जवळ. घरवाली अम्मा म्हातारी हाये. तिले माही भाषा येत नाई अन् मले तिची, म्हनून भांडन होत नाई. मायले म्हनजो घरची तुरीची डाळ आन, इथली शिजत नाई.

खरं ते सांगतो. पैसे तपासनीले अन् काही महिने राहाले पुरतात, ऑपरेशनले पुरत नाईत. नर्स म्हने एक ट्रस्ट अर्ध्याले मदत करते, त्याचा अर्ज भरला. होईनच असं ती बोलत नाई. बाकीचं मागू. इथल्या मराठी मंडळात जाऊन आलो, उद्या रेल्वेतल्या लोकांकडं जातो. बाबा या वयात दारं फिरले, मंग मले कायची लाज? दवाखान्यासमोर चहाच्या दुकानात कामाले लागलो, रोजचा खर्च निघते.

सेवाग्रामावरून जी.टी. एक्स्प्रेसमंदी बसजो, खालचे बर्थ मागजो. सिलिंडरसाठी डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी सोबत ठेवजो. बाबाले म्हनजो गाडीत कोनाशी वाद घालू नका, समोरच्याले समजत नाई.

एक गोष्ट त्यांना सांगू नको. दवाखान्याची ॲम्ब्युलन्स आमच्या दुकानासमोरूनच आत जाते. भोंगा आयकू आला का मी किटली ठेवून उभा राह्यतो. वाटते, हीच असन. मंग ध्यानात येते का मी कायची वाट पाहून राह्यलो. मागून गाडीतल्याच्या घरची मानसं धावत येतात, एखादी बाई तर बिना चपलेची. मले खाली पाहा लागते. तुहं नावही अजून दवाखान्याच्या यादीत नाई अन् मी आत्तापासून असा. त्या लोकांना मी चहा नेऊन देतो, पैसे घेत नाई. दुकानवाला बोलते, बोलू दे. ते चहा हातात घेतात अन् पेत नाईत. अन् पुढचा भोंगा वाजला का मी पुन्हा उभा.

लवकर ये ताई. मले हे एकट्याले झेपत नाई. मायबाबाले जयभीम. जी माया उरली असन ती सोबत घेऊन ये.

तुहा भाऊ,
धम्मदीप